खालची कवळी बसेपर्यंत

४ जानेवारी

पोपटराव,

मी तुला 'राव' म्हणते आहे, यावरून माझा पारा कुठवर चढला आहे हे तुला कळायला हरकत नाही.

अक्का तुझी आणि माझी दोघांची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच तुला अंगाखांद्यावर वाढवला, आणि अखंड बडबडायचास म्हणून पोपट हे नावही तिनेच ठेवलं. आता तिला डोळ्यांनी दिसत नाही. माझ्या घरात खिडकीशी खुर्ची टाकून ती दिवसभर बसलेली असते. आठवड्यात तिला एकाच गोष्टीची ओढ असते, रविवारी अकरा वाजता येणाऱ्या तुझ्या फोनची. दहापासूनच केस विंचरून, स्वच्छ पातळ नेसून ती फोनजवळ येऊन बसते. पाहुण्यांसाठी बसावं तशी.

किती रविवार झाले, फोन नाही. मी केला तर तुझी बायको उचलते आणि सांगते, "ते बाथरूममध्ये आहेत." दर रविवारी अकरा वाजता तू बाथरूममध्ये! माणूस एवढा स्वच्छ झाला तर त्याची सालं निघतील.

तू आयुष्यभर स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा केल्यास. अनोळखी हजारो लोकांना कुठल्या फलाटावर जायचं ते न चुकता सांगितलंस. सख्ख्या बहिणीशी पाच मिनिटं बोलायला तुझी जीभ का झडते, ते मला लेखी कळव.

ताई

१३ जानेवारी

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र मिळालं. वाचताना कान गरम झाले. हिने विचारलं, "तापमापक आणू का?"

तुला वाटतं तसं काही नाही. आमच्याकडे लाइन फार खराब झाली आहे. सारखी खरखर. समोरच्याचं मला ऐकू येत नाही आणि माझं त्याला. त्यात हिचा पाय प्लास्टरमध्ये, त्यामुळे स्वयंपाक, कपडे, सगळं माझ्याकडे. तिकडे येणंही शक्य नाही. लाइन सुधारली की पहिला फोन अक्काला करीन. तिला माझा नमस्कार सांग आणि पोपट मजेत आहे म्हणून सांग.

तुझा
पोपट

१९ जानेवारी

पोपट,

माझी अख्खी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली, शेवटची वर्षं सुपरवायझर म्हणून. लाइनची खरखर हे कारण तू मला देतोस? न्हाव्याला कात्री दाखवण्यातला प्रकार झाला हा. माझ्या हाताखाली शिकलेली एक मुलगी आता तिथे मोठ्या हुद्द्यावर आहे. तिने तुझा नंबर तपासला. लाइन काचेसारखी स्वच्छ आहे.

आता ज्यासाठी हे लिहिते आहे ते वाच. तुझा शेवटचा फोन आला तेव्हा तू जेमतेम तीन वाक्यं बोललास. तीही अशी, की तोंडात गरम बटाटा धरला आहे. 'स'च्या जागी शिट्टी वाजत होती. मग एकदम काहीतरी खट् वाजलं आणि तू फोन ठेवलास. अक्काने रिसीव्हर हातातून सोडला नाही. म्हणाली, "पोपटाचं तोंड वाकडं झालंय. बाबांचं झालं होतं तसं." आणि संध्याकाळपर्यंत रडत होती. बाबांना झटका आला तेव्हा मी बोर्डिंगमध्ये होते आणि तू पाळण्यात. ते दिवस तिने एकटीने काढलेत. तेव्हापासून रोज मला विचारते, "खरं सांग, त्याला झटका आलाय ना?"

मीही आता तेच विचारते. तुला झटका आला आहे का? तुझी बायको बाथरूमच्या नावाखाली काही लपवते आहे का? खोटं लिहिलंस तर मिळेल त्या गाडीने येऊन दारात उभी राहीन.

ताई

२७ जानेवारी

ती. ताई,

झटकाबिटका काही नाही. मी धडधाकट आहे. अक्काला हे आत्ताच्या आत्ता सांग.

कवळी. खालची कवळी. एवढीच गोष्ट आहे, आणि एवढ्याशा गोष्टीची मला इतकी लाज वाटते की तुला लिहितानाही मान खाली जाते आहे.

वरची कवळी झकास बसते. तिला टाळू मिळतो, ती चिकटून राहते. खालचीला धरायला काहीच नाही. माझी खालची हिरडी झिजून अगदी सपाट झाली आहे. त्या नालाच्या आकाराच्या पट्टीवर मधून जीभ ढकलते, बाहेरून गाल ढकलतो. 'आ' म्हटलं की ती उठते, 'स' म्हटलं की सरकते. आत टोचायची म्हणून मी नखांची कानस घेऊन आतून घासली. टोचणं थांबलं, पण आता ती पावसात भिजलेल्या चपलेसारखी सैल झाली आहे. चिकटवायची पेस्ट इतकी लावतो की जेवणाला तिचीच चव येते.

आमच्या जुन्या स्टेशनमास्तरांच्या सत्काराला सगळ्यांनी आग्रह केला, "एक घोषणा होऊन जाऊ दे." मी माइकसमोर उभा राहिलो, छाती भरून श्वास घेतला, आणि 'प्रवाशांनी' म्हणता म्हणता ती बाहेर आली. तळहातावर झेलली, पण पहिल्या रांगेतल्यांनी पाहिलंच. ते हसले नाहीत, ताई. हसले असते तर बरं झालं असतं. सगळे एकदम खाली बघायला लागले.

तेव्हापासून हिच्याशिवाय कुणाशी बोलत नाही. दूधवाल्यालासुद्धा बोटं दाखवतो. अक्काच्या कानात माझा तो आवाज आहे, तो बिघडवायची माझी हिंमत होत नाही. पण ती झटक्याच्या धास्तीत असेल तर ते त्याहून वाईट. तू म्हणशील तर येत्या रविवारी तसाच बोबडा फोन करतो. कळव.

पोपट

२ फेब्रुवारी

मूर्ख पोपटा,

मी आधी हसले. मग चष्मा पुसला. मग तुझा संताप आला. तो अजून उतरलेला नाही, तेव्हा पत्र जपून वाच.

माझ्याही तोंडात खालची कवळी आहे. तुला काय वाटलं, या वयात माझे दात देवाने ठेवले? फरक इतकाच की मी कानस घेऊन सुतारकाम केलं नाही. टोचली तर डॉक्टरकडे जायचं असतं. रात्री काढून पाण्यात ठेवायची असते, हिरडीला विश्रांती लागते. घास लहान, आणि दोन्ही बाजूंनी मिळून चावायचा, नाहीतर एक बाजू दाबली की दुसरी उचलते. बोलताना जीभ खालच्या पुढच्या दातांच्या मागे टेकवून ठेवायची, तीच कवळीला थोपवते. आरशासमोर बसून मोठ्याने वाच. शाळेत नन्सनी आम्हाला तोंडात गोटी ठेवून कविता म्हणायला लावल्या होत्या. त्यापुढे कवळी म्हणजे काहीच नाही.

आता मुख्य गोष्ट. तसा फोन करू नकोस. मुळीच नको. मी अक्काला सांगितलं की त्याला काही झालेलं नाही, फक्त दात सैल आहेत. तिने मान हलवली, पण तिच्या चेहऱ्यावरून समजलं, तिला ते पटलं नाही. तू पुन्हा तसा बोललास तर तिची खात्रीच होईल, आणि मग ती काय रडेल ते मलाच बघावं लागेल. पहिल्यासारखं खणखणीत बोलता येईल तेव्हाच फोन कर. तोवर मी तिला सांगते की तुझा घसा बसला आहे.

चांगली डॉक्टर शोध. तुझ्या त्या जुन्या दातवाल्याकडे परत गेलास तर मी तुझं नाव टाकलं.

ताई

१८ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

डॉक्टर सापडली. वयाने माझ्या मुलीएवढी, पण हेडमास्तरणीसारखी. तुझी आठवण आली.

तिने माझी कवळी हातात घेतली, आतून बघितली आणि विचारलं, "हे कुणी केलं?" मी म्हटलं, "उंदराने." ती म्हणाली, "त्या उंदराला माझ्याकडे पाठवू नका."

मग तिने नीट समजावलं. खालच्या कवळीला वरच्यासारखी ओढ कधीच मिळत नाही. ती दोन गोष्टींवर तगते, कडा हिरडीभोवती बरोबर पोचल्या पाहिजेत आणि दात जिभेच्या आणि गालाच्या मधोमध, दोघांचा रेटा सारखा होईल तिथे बसले पाहिजेत. माझ्या कडा आखूड आहेत आणि दात फार आत आहेत, त्यामुळे जिभेला जागा नाही आणि ती बिचारी सारखी धक्के मारते.

दोन मार्ग आहेत. एक म्हणजे हीच कवळी आतून नव्याने भरून घ्यायची आणि कडा वाढवायच्या. आठ-पंधरा दिवसांत होईल. थोडी पेस्ट लावावी लागेल, 'स' थोडा ओला येईल, पण फोनवर बोलता येईल. दुसरा मार्ग म्हणजे खालच्या जबड्यात पुढे दोन स्क्रू बसवायचे आणि त्यांवर बटणं. कवळीच्या आत खाचा. शर्टाची टिचबटणं लागतात तशी कवळी टक् करून बसते. मग ती हलत नाही. पण हाडात स्क्रू मुरायला महिने जातात. उन्हाळा सरेल.

मला वाटतं पहिलाच मार्ग बरा. अक्काचं वय बघता. तुझं काय म्हणणं?

पोपट

२४ फेब्रुवारी

पोपट,

माझं म्हणणं तुला माहीत असूनही विचारतोस. स्क्रू.

अर्धवट काम करायची आपल्या घराला सवयच आहे. छत गळलं की खाली बादली ठेवायची, घड्याळ मागे पडलं की आपणच लवकर उठायचं. सिस्टर सुपीरियर म्हणायच्या, शिवण उसवलेली असेल तर पिन लावून माझ्यासमोर येऊ नका. तुझं ते भरून घेणं म्हणजे पिन आहे. तू त्या पिनवर फोन करशील, मधेच ती घसरेल, आणि अक्का पुन्हा हंबरडा फोडेल. एकदाच कर आणि कायमचं कर. वय तुझंही आहे. पुढची वर्षं बोटं दाखवत दूध घेणार आहेस का?

अक्का कुठे पळून चालली आहे? तिची काळजी नको. खाते-पिते ठीक. फक्त तुझ्यावर रुसली आहे. काल मी म्हटलं, "पोपटाचं पत्र आलंय," तर मला म्हणते कशी, "कोण पोपट?" रुसवा कसा करावा हे तिच्याकडून शिकावं. तू आम्हाला न विचारता लग्न ठरवलंस तेव्हाही महिनाभर "कोण तो?" म्हणत होती, आठवतं ना? खणखणीत आवाज कानावर पडला की विरघळेल.

ताई

३० मार्च

ती. ताईस सा. न.

तुझा हुकूम मानला. स्क्रू बसले. भूल होती, त्यामुळे कळलं नाही, पण आवाज ऐकून वाटलं की माझ्या तोंडात कुणीतरी कपाट उभं करतंय. टाके काढेपर्यंत खालची कवळी वर्ज्य होती. ही माझ्यासाठी सगळं कुस्करून देते आणि स्वतः समोर बसून काकडी चावते. कचाकचा. मुद्दाम.

एक विचारू? अक्काचा रुसवा अजून आहे का? परवा दुपारी मी फोनपाशी जाऊन तुझा नंबर फिरवला आणि घंटा वाजायच्या आत ठेवून दिला. मनात आलं, दोनच शब्द बोलावेत. "अक्का, मी" एवढेच. त्यात 'स' नाही. कवळी नसली तरी ते बोलता येतात, मी आरशासमोर म्हणून बघितलं.

तू हो म्हणालीस तर करतो.

पोपट

८ एप्रिल

पोपट,

इतके दिवस धीर धरलास, आता थोडक्यासाठी मन कच्चं करू नकोस. दोन शब्दांवर तिचं भागणार आहे का? पुढचं बोल म्हणेल, आणि मग तू काय करशील?

अक्का ठीक आहे. आताशा झोपते फार. रविवारी फोनपाशी बसायचं तिने सोडलं आहे. बरंच झालं, वाट बघणं तरी संपलं. आमचे डॉक्टर येऊन गेले, वयाप्रमाणे चालायचंच म्हणाले. तू तुझ्या स्क्रूंकडे लक्ष दे. तुझ्या बायकोला म्हणावं, काकडी दुसऱ्या खोलीत खा.

ताई

१० जून

ती. ताईस सा. न.

झालं! ताई, झालं!

माप द्यायला गेलो तेव्हा डॉक्टरने खालच्या पट्टीवर मऊ लगदा लावून माझ्या तोंडात ठेवला आणि हुकूम सोडायला सुरुवात केली. "आजोबा, ओठ पुढे काढा. गिळा. हसा. जीभ या गालाला लावा, आता त्या." मग म्हणाली, "आता बोला, थांबू नका." काय बोलायचं? मी गाड्यांची नावं घ्यायला लागलो. सगळ्या सुटल्या, सकाळच्या, दुपारच्या, रात्रीच्या. बाहेरची माणसं दारातून डोकावली. जीभ आणि गाल जिथे जिथे दाबतात तिथे लगद्यावर खूण उमटली आणि त्या खुणांच्या मध्ये तिने दात बसवले. म्हणाली, "ही कवळी तुमच्या बोलण्याने घडलीय, आता बोलण्याने पडायची नाही."

टक् करून बसते. दोन्ही बाजूंनी. मी ओरडलो, खोकलो, शिंकलो. सफरचंद खाल्लं, हिच्या समोर बसून, मुद्दाम. ही म्हणाली, "तुमचा आवाज परत आला," आणि आत निघून गेली. तिचे डोळे भरले होते.

येत्या रविवारी, अकरा वाजता. अक्काला पातळ बदलून बसव. तिला आधी सांगू नकोस कुणाचा फोन ते. मला तिचा आवाज फुललेला ऐकायचा आहे.

पोपट

१५ जून

प्रिय पोपट,

मी तुझ्याशी फोनवर नीट बोलले नाही, घाईने ठेवला. माझ्याच्याने बोलवलं नाही.

तू फार छान बोललास. मी बाजूला उभी होते, मला सगळं ऐकू येत होतं. एकही अक्षर सांडलं नाही. बाथरूमपासून कवळीपर्यंत सगळं तिला सांगितलंस, मला हसू आलं. मग मी अक्काकडे बघितलं. ती ताठ बसून ऐकत होती, बाहेरच्या माणसासमोर बसते तशी. "हो का? बरं. तुम्ही बोला." तुम्ही. तुलाही ते लागलं असणार, कारण तू मधेच थांबलास आणि पुन्हा म्हणालास, "अक्का, मी पोपट." तर ती म्हणाली, "चांगलं आहे नाव."

फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "किती स्वच्छ बोलतो गं. कुठल्या ऑफिसातला माणूस होता?"

तो रुसवा नव्हता. मार्चमध्ये डॉक्टर आले तेव्हा त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं की आता एकेक माणूस पुसलं जाईल. मी तुला वयाप्रमाणे चालायचंच एवढं लिहिलं आणि उरलेलं गिळलं. तुझे स्क्रू नुकतेच बसले होते. तू उठून धावत आला असतास, आणि मला वाटलं, आवाज ऐकला की ओळखेल. मला माझीही ओळख तिला दिवसातून अनेकदा द्यावी लागते, तरी मला तसं वाटलं. फेब्रुवारीत तू विचारलं होतंस, आठ-पंधरा दिवसांत होईल, करू का. तेव्हा ती रोज मला तुझंच विचारत होती. मी पिनेची गोष्ट सांगत बसले.

मला ओरडायचं तर ओरड. आता तुला येतं.

एक विचारायचं आहे. शेवटी तिने रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरला आणि आवाज अगदी बारीक केला. काहीतरी सांगत होती तुला. मला ऐकू आलं नाही. तू काय म्हणालास तेही नाही, पण ती एकदम हलकी झाली. दुपारी पोटभर जेवली. काय म्हणाली ती?

ताई

२३ जून

ती. ताई,

ओरडणार नाही. फोन माझ्या घरात होता आणि नंबर मला पाठ होता. तुझ्या परवानगीवाचून मी लग्न केलं, फोन करायला काय झालं होतं?

तू विचारतेस म्हणून लिहितो. मला वाटलं होतं, हे तुला कळू नये. पण लपवून आपण दोघांनी काय मिळवलं?

ती म्हणाली, "तुम्ही ऑफिसातले आहात, तुमचे फोन सगळीकडे जातात. माझं एक काम कराल? माझा एक भाऊ आहे, धाकटा. त्याला झटका आलाय. तोंड वाकडं झालंय, म्हणून लाजतो आणि फोन करत नाही. घरचे मला सांगत नाहीत, पण मला ठाऊक आहे. त्याला एवढा निरोप द्या. म्हणावं, जसं येतं तसं बोल. बाबांचं बोलणं कुणाला कळायचं नाही, मला सगळं कळायचं. तुझंही कळेल."

मी म्हटलं, "हो, सांगतो."

तिने मला आशीर्वाद दिला. नाव विचारलं नाही.

रविवारी मी पुन्हा फोन करणार आहे. ती विचारेल, निरोप पोचला का. तिला मी काय सांगू, ताई?

पोपट